श्रीमंत, सरदार, इनामदार, मानकरी: पुण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने मोडी कागद वाचून देतो, त्यामुळे लोक कागदाच्या पिशवीबरोबर प्रश्नही आणतात. आम्ही सरदार होतो का, 'श्रीमंत' लावता येईल का, इनामाचं पुढे काय झालं. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं. उत्तरं पुणे आणि आसपासच्या मुलखापुरतीच आहेत. आणि माझं मत आधीच सांगतो: इथलं मोठेपण रक्तापेक्षा चाकरीने आणि सनदेने ठरत आलं. ज्यांना हे पटत नाही त्यांनीही पुढे वाचावं, माहिती तीच राहते.

सरदार म्हणजे नक्की कोण?

हा प्रश्न दोन काळांचा आहे आणि लोक ते दोन्ही एकात कालवतात.

पेशवाईत सरदार म्हणजे पथक बाळगून चाकरी करणारा माणूस. त्याला सरंजाम लावून दिलेला असे, म्हणजे अमुक महालांचा वसूल तुझा, त्यातून अमुक इतके स्वार ठेव आणि हुकूम येताच हजर हो. स्वारांची, घोड्यांची हजिरी घेतली जाई आणि कमी भरली तर हिशेबात वजावट होई. पदरी स्वतःचं घोडं असलेला तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. बाप गेला की मुलाला सरंजाम आपोआप मिळत नसे; नजर (म्हणजे नजराणा) भरून नव्याने आपल्या नावावर करून घ्यावा लागे. बहुतेकदा तो मिळे, पण मागावा लागे.

१८१८ नंतर पेशवाई गेली आणि फौजांचं काम संपलं. इंग्रजांना मात्र या घराण्यांना सांभाळून घ्यायचं होतं. त्यांनी दख्खनच्या सरदारांची यादी केली, पहिला, दुसरा आणि तिसरा असे वर्ग पाडले आणि त्यांच्यासाठी पुण्यात वेगळा एजंट ठेवला. या यादीत तलवार गाजवलेली घराणी होती, तशी कधी घोड्यावर न बसलेली कारभारी मंडळीही होती. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई कायदे मंडळात दख्खनच्या सरदार-इनामदारांसाठी वेगळा मतदारसंघसुद्धा होता. तेव्हा 'आमचे पणजोबा सरदार होते' असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, पेशव्यांचे की इंग्रजांचे? दोन्ही असू शकतात, पण कागद वेगळे असतात.

हे बिरुद किती कामाचं होतं ते नातूंच्या घरात दिसतं. बाळाजीपंत नातूंनी १८१८ च्या सुमारास इंग्रजांना मदत केली, आणि त्याबद्दल पुण्याने त्यांना अजून माफ केलेलं नाही. त्याच घराण्यातले बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू हे बंधू, दोघेही सरदार. १८९७ च्या जूनमध्ये गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी चालली आणि सव्वा महिन्याच्या आत-बाहेर दोघांना १८२७ च्या रेग्युलेशनखाली उचललं. खटला नाही, आरोपपत्र नाही. सुटका १८९९ मध्ये. सरदारकी होती, पण ती मर्जीच्या खुंटीला बांधलेली.

'श्रीमंत' म्हणजे पैसेवाला ना?

आज हो. जुन्या कागदात 'श्रीमंत' दिसलं तर पैशाशी त्याचा संबंध लावू नका. तो आदराचा मायना आहे. पुण्यात नुसतं 'श्रीमंत' म्हटलं की पेशवे. पण गंमत पाहा, श्रीमंतांच्या स्वतःच्या शिक्क्यात मात्र ते छत्रपतींचे प्रधान म्हणूनच येतात. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून यावी लागत. शनिवारवाड्यात सगळा कारभार चालत असतानाही कागदावर मालक साताऱ्यालाच होते.

पेशवे गेले, शब्द राहिला. आता तो पुण्यात सगळ्यांत जास्त ऐकू येतो तो बुधवार पेठेत, श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपतीच्या नावात.

जुन्या पत्रावरून आमच्या पूर्वजांचा दर्जा कळतो का?

कळतो, आणि माझ्या मते याहून चांगला पुरावा दुसरा नाही. वंशावळ नंतर लिहिता येते, मायना नंतर बदलता येत नाही.

पत्राची पहिली ओळ बघा. 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री अमुक गोसावी यांसी' असं असेल तर समोरचा वजनदार असामी, सरदार किंवा मोठा कामगार. नुसतं 'राजश्री' असेल तर एक पायरी खाली. विद्वान ब्राह्मणाला 'वेदशास्त्रसंपन्न'. सवाष्ण बाईला 'वज्रचूडेमंडित', विधवेला 'गंगाभागीरथी', जे पुढे 'गं. भा.' होऊन कालपरवापर्यंत लग्नपत्रिकांत राहिलं आणि गेलं ते बरं झालं. 'राजमान्य राजश्री'चं 'रा. रा.' मात्र अजून एखाद्या सदाशिवपेठी पत्रिकेत भेटतं.

मग नमस्कार बघा. ब्राह्मणाला नमस्कार, मराठा सरदाराला रामराम, वडिलांना किंवा स्वामींना साष्टांग. त्यानंतर क्रियापद. वरून खाली जाणाऱ्या पत्रात 'आज्ञा केली ऐसीजे', बरोबरीच्या माणसाला 'विनंती उपरी', खालून वर जाणाऱ्या पत्रात 'विज्ञापना'. शेवटही तसाच: खालच्याला 'जाणिजे', बरोबरीच्याला 'बहुत काय लिहिणे', वरच्याला 'हे विज्ञापना'. मधला मजकूर खंडणीचा असो की आंब्यांच्या करंड्यांचा, या चार जागा वाचल्या की कोण कुठे बसत होतं ते कळतं. म्हणूनच मायना चुकला की माणसं दुखावत, आणि कारकुनांना मायन्यांची यादीच पाठ करावी लागे.

तारखेने गोंधळू नका. 'सु॥ इसन्ने सबैन मया व अलफ' हे अरबी आकडे आहेत: दोन, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे सुहूर सन ११७२. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं; जूनच्या सुरुवातीपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे, त्यापुढे मृगापर्यंत ६००. हे साल १७७१-७२ चं.

आडनाव इनामदार, देशमुख, फडणीस, बिनीवाले आहे. म्हणजे आम्ही सरदारच ना?

नाही. ही बहुतेक आडनावं हुद्द्याची किंवा हक्काची आहेत. फडणीस हिशेब बघणार, चिटणीस पत्रं लिहिणार, पोतनीस खजिना सांभाळणार, बिनीवाले फौजेच्या आघाडीला असणार. देशमुख-देशपांडे परगण्याचे वतनदार, पाटील-कुलकर्णी गावचे. हुद्दा चिकटला आणि मूळ आडनाव मागे पडलं, असं पुण्यात पावलोपावली झालं. नाना फडणीस मुळचे भानू. लोकहितवादी गोपाळराव देशमुखांचं मूळ आडनाव सिद्धये; घराण्याकडे देशमुखी आली म्हणून देशमुख.

उलट बाजूही आहे. दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, हा किताब ज्यांच्या हाती आला ते महादजी शिंदे स्वतःला 'पाटील' म्हणवून घेत. १७९२ मध्ये ते पुण्याला आले, १२ फेब्रुवारी १७९४ ला वानवडीत वारले, आणि तिथली शिंदे छत्री त्यांचीच. पाटीलकी वतनाची, ती जाणार नव्हती. बादशाही किताबाचं काय सांगावं.

सरंजाम, जहागीर, इनाम, वतन: फरक काय?

सरंजाम चाकरीसाठी, बहुतेक लष्करी. जहागीर हा शब्द कागदांत सैल वापरला आहे, बरेचदा सरंजामाच्याच अर्थाने. इनाम म्हणजे सारा माफ असलेली जमीन किंवा गाव, देवाला, विद्वानाला, कामगिरी केलेल्याला. वतन म्हणजे पिढीजात काम आणि त्याबरोबरची जमीन-हक्क.

वतन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर देशमुखी येते. महारवतनही वतनच होतं. गावाची, सरकारची वाटेल ती कामं वाटेल त्या वेळी करायची आणि मोबदल्यात तुटपुंजी जमीन. १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात डॉ. आंबेडकरांनी त्या विरोधात विधेयक आणलं. त्यामुळे 'आमच्याकडे वतन होतं' हे वाक्य कोणाच्या तोंडचं आहे त्यावर त्याचा अर्थ अवलंबून. घराण्यांच्या इतिहासावरच्या कार्यक्रमांत ही बाजू सहसा येत नाही, मला ते खटकतं.

हे सगळं बंद कधी झालं?

एका दिवसात नाही. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळालं आणि सनद दाखवा नाहीतर इनाम सोडा असा ससेमिरा सुरू झाला. अनेकांकडे सनदच नव्हती, कुणाची जळालेली, कुणाची भावबंदांनी दाबलेली. घरातले कागद जपून ठेवण्याची पुणेरी सवय त्या धास्तीतून पक्की झाली असावी असा माझा कयास आहे. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली, १९५२ मध्ये सरंजाम खालसा करण्याचे नियम आले आणि त्याच वर्षीच्या कायद्याने खासगी इनामं संपली, १९५८ च्या कायद्याने गावकीची कनिष्ठ वतनं, १९६२ च्या कायद्याने पाटीलकी. देवस्थान इनामाची गोष्ट वेगळी आहे, ती यात मिसळू नका.

मग आता त्या जमिनीवर दावा लावता येईल का?

वकिलाला विचारा. मी फक्त अक्षर वाचतो. 'सनद सापडली म्हणजे कोथरूडचा अर्धा भाग आपला' असं सांगणारा एजंट भेटला तर त्याला पैसे देऊ नका, एवढं मात्र माझं ऐका.

रावबहादूर आणि 'सर' हे सरदारांच्या वरचे का?

ती वेगळी शिडी. रावसाहेब, त्यावर रावबहादूर, त्यावर दिवाणबहादूर. मुसलमान-पारशांसाठी खानसाहेब, खानबहादूर. हे किताब इंग्रज सरकार माणसाला देई, घराण्याला नाही. मुलगा रावबहादूर होत नसे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १९११ मध्ये 'सर' झाले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सी.आय.ई. ही 'सर'कीहून खालची पदवी घेतली, पण १९१४ मध्ये 'सर'की देऊ केली तेव्हा नाकारली.

टिळक रस्त्यावरच्या 'एसपी'त शिकलेल्या किती जणांना ठाऊक असतं कोण जाणे, पण त्यातलं 'सर' मास्तरांचं नाही. सर परशुरामभाऊ पटवर्धन हे जमखंडीचे अधिपती; १९१६ ला 'न्यू पूना कॉलेज' म्हणून सुरू झालेल्या कॉलेजला त्यांच्या घराण्याच्या देणगीनंतर हे नाव मिळालं.

आणि या सगळ्या शिडीला पुण्याने जे उत्तर दिलं ते मला जास्त आवडतं. लोकमान्य, महर्षी, सेनापती बापटांमधलं सेनापती: एकाही पदवीला सरकारी कागद नाही. जोतीराव फुल्यांना 'महात्मा' ११ मे १८८८ ला मुंबईत जाहीर सभेत म्हटलं गेलं. रावबहादूरांची नावं आता वाड्यांच्या खटल्यांत सापडतात.

बायकांना काय म्हणत? त्यांना सरदारकी मिळे का?

हाक मारायला आऊसाहेब, बाईसाहेब, वहिनीसाहेब, अक्कासाहेब. पण प्रश्न हाकेचा नसावा, अधिकाराचा असावा. तळेगाव दाभाडे इथल्या उमाबाई दाभाडे बघा. १ एप्रिल १७३१ ला डभईच्या लढाईत त्यांचे चिरंजीव सेनापती त्रिंबकराव दाभाडे बाजीरावाच्या फौजेशी लढताना पडले. सेनापतिपद धाकटा मुलगा यशवंतरावाच्या नावे झालं, पण तो लहान. दौलत उमाबाईंनी चालवली, मोहिमा आखल्या. पुण्यापासून इतक्या जवळ हे घडलं आणि पुण्याच्या गप्पांत दाभाडे बाजीरावाचे प्रतिस्पर्धी म्हणूनच येतात. विधवेला दत्तक घेऊन दौलत पुढे चालवता येई, मात्र परवानगी हवी आणि नजराणा भरायला हवा. घरात दत्तकविधानाचा कागद असेल तर तो सगळ्यांत आधी वाचून घ्या; निम्मा इतिहास त्यात असतो.

'मानकरी' म्हणजे काय? आता कोणी मानकरी उरलेत का?

भरपूर, आणि कायद्याने यातलं काही बंद केलेलं नाही. मान म्हणजे कोण कुठे उभा राहणार, कोणाला आधी विडा, कोणाची पालखी पुढे. पेशवाईत पालखी, अब्दागीर, नौबत, निशाण हे सगळे मान सनदेने मिळत आणि सगळ्यांत मोठा तो जरीपटका, म्हणजे जरीचं निशाण.

आज पुण्यात मान बघायचा तर अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवर या. विसर्जन मिरवणुकीत मानाचे पाच गणपती या क्रमाने जातात: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. हा क्रम वयाचा नाही: गुरुजी तालीम मंडळ आपली सुरुवात १८८७ सांगतं आणि तिसऱ्या जागी आहे. पहिले दोन गणपती ग्रामदैवत कसबा गणपतीचा आणि ग्रामदेवता जोगेश्वरीचा. उंची किंवा गर्दी बघून कोणी पुढे जात नाही. मागच्या मंडळांनी क्रमावरून कितीही वाद घातले तरी या पाचांचा क्रम हलत नाही.

याहून बारकाईने जपलेला मान आषाढीत दिसतो. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं ते हैबतबाबा आरफळकरांनी, जे शिंद्यांच्या पदरी सरदार होते. म्हणून या वारीला लष्करी शिस्त आहे. दिंड्यांचे क्रमांक ठरलेले, रथापुढे २७, बाकीच्या मागे. माउलींचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. रिंगणात एका घोड्यावर स्वार असतो आणि माउलींच्या घोड्यावर कोणीच नसतं. तो मोकळा घोडा दौडून गेला की त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात.

संध्याकाळी मुक्कामाला समाज आरतीच्या वेळी चोपदार हातातला दंड वर करतात आणि एवढा मोठा जमाव गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, थांबत नाही. मग चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा होतो आणि मगच आरती. पुण्यात माउलींचा मुक्काम भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबांचा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. हा मान कागदावर आहेच, पण टिकलाय तो दरवर्षी चालल्यामुळे.

लग्नपत्रिकेत किंवा पाटीवर 'श्रीमंत सरदार' लिहिलं तर गुन्हा आहे का?

नाही. घटनेच्या १८ व्या कलमाने लष्करी आणि शैक्षणिक सोडून कोणताही किताब देण्याची सरकारला बंदी आहे. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे गेले. तेव्हा तुम्ही लावाल ती हौस. तिला सरकारदरबारी वजन शून्य. पत्रिकेत चालेल, पासपोर्टच्या अर्जात आडनाव म्हणून घुसवू नका.

उलट 'पद्मश्री' नावाआधी लावणं चुकीचं आहे. पद्म पुरस्कार हे किताब नाहीत, म्हणूनच ते घटनेत बसतात. नावाच्या आधी किंवा नंतर ते लावू नयेत असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. नाट्यगृहाबाहेरचे फलक बघता हा निकाल पुण्यात पोचलेला दिसत नाही.

शहाण्णव कुळींची खरी यादी कोणती?

सर्वमान्य अशी एकही नाही. याद्या अनेक आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

मुलाच्या पुस्तकात सोन्याला 'राजधातू' म्हटलंय. त्याचा यादीत समावेश?

हा प्रश्न एका आजोबांनी अगदी गंभीरपणे विचारला होता, म्हणून उत्तर देतो. तिथे 'राज' म्हणजे सहजासहजी कुणाशी संयोग न पावणारा. सोनं, प्लॅटिनम गंजत नाहीत, एकट्या नायट्रिक आम्लाला दाद देत नाहीत. सोन्या मारुती चौकातल्या सराफांची तेजाबाची परीक्षा त्यावरच चालते. हायड्रोक्लोरिक तीन भाग आणि नायट्रिक एक भाग एकत्र केलं की आम्लराज तयार होतं, त्यात मात्र सोनं विरघळतं. निष्क्रिय वायूंचीही तीच ऐट होती, पण १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनचं संयुग करून दाखवलं. सोवळं तिथेही मोडलं.

आमच्या घरात कागदांचं गाठोडं आहे. पुढे काय करू?

आधी लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टी लावू नका, पेनाने आकडे घालू नका. ज्या रुमालात बांधलेले असतील त्याच क्रमाने प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. पाठीमागे बरेचदा तारीख किंवा पोचेची नोंद असते. शिक्का वर आणि मोर्तब (मजकूर संपल्याची मुद्रा) शेवटी आहे का ते बघा, नसेल तर ती नक्कल असू शकते.

ताडून बघायला पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर आहे, गो. स. सरदेसाईंनी निवडून छापलेले त्याचे ४५ खंड ग्रंथालयांत मिळतात. भारत इतिहास संशोधक मंडळही आहे, १९१० मध्ये राजवाड्यांनी ज्यांच्याबरोबर ते काढलं ते खंडेराव मेहेंदळे सरदारच होते. गावच्या इनामाचा प्रश्न असेल तर तहसील कचेरीतलं कडईपत्रक (जमिनींच्या नोंदींचं जुनं पत्रक) आणि जुने फेरफार मागा. तिथे नाव, सर्व्हे नंबर आणि 'इनाम वर्ग' असा रकाना मिळाला, की त्याची नक्कल घेऊन या. मायना मी वाचून देतो.